पीपीपी सेलकडे प्रस्ताव पाठवला की पैसे मिळतात का?

प्रश्न नागपूर जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेच्या अभियंत्याचा आहे. गावाची लोकसंख्या साधारण ६० हजार. एका खासगी कंपनीने स्वतःहून १२ एमएलडी (दिवसाला १२ दशलक्ष लिटर) क्षमतेच्या एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा प्रस्ताव दिला आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाणी उद्योगांना विकू, परिषदेला एक रुपयाही लागणार नाही, असं कंपनी म्हणते. सर्वसाधारण सभेत कुणीतरी सांगितलं की केंद्राच्या पीपीपी (सार्वजनिक-खासगी भागीदारी) सेलकडे पाठवा, तिथून पैसे येतात. तर हा सेल करतो काय, अर्ज कुणाकडे करायचा आणि कंपनीला उत्तर काय द्यायचं?

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण त्यांच्या मुळाशी अडचण एकच दिसते. हे केंद्र सुरू झाल्यावर त्याचं दर महिन्याचं बिल कोण भरणार, हे अजून कुणीच ठरवलेलं नाही. ते ठरेपर्यंत दिल्ली-मुंबईची कोणतीही संस्था फारसं काही करू शकत नाही. ते ठरलं की बऱ्याच संस्था उपयोगी पडतात. तुमच्याकडे भूमिगत गटारांचं जाळं किती आहे, आसपास पाणी घेणारा मोठा ग्राहक आहे का आणि एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात काय अटी आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खालचं बरंचसं उत्तर त्यावर बदलेल, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी संस्थांचं पाहू. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागात, म्हणजे डीईएमध्ये, २००६ साली पीपीपी सेल सुरू झाला. त्याच सुमारास पीपीपीएसी ही मूल्यांकन समिती आली. डीईएचे सचिव तिचे अध्यक्ष असतात. नीती आयोग, खर्च विभाग, विधी विभाग आणि संबंधित मंत्रालयाचे प्रतिनिधी तिच्यात बसतात. ही समिती केंद्र सरकारचे स्वतःचे प्रकल्प तपासते: राष्ट्रीय महामार्ग, मोठी बंदरं वगैरे. नगर परिषदेचा प्रकल्प तिच्यापुढे जात नाही. तुम्ही थेट प्रस्ताव पाठवला तर तो राज्य शासनाकडे परत येईल आणि मधले महिने वाया जातील.

नगर परिषदेसारख्या संस्थेला डीईएकडून प्रत्यक्ष उपयोगाच्या गोष्टी तीन. पहिली, नमुना दस्तऐवज आणि टूलकिट. पाणी व स्वच्छता आणि घनकचरा या क्षेत्रांसाठी तयार टूलकिट आहेत. त्यांत प्रकल्प पीपीपीला लायक आहे का, जोखीम कुणाकडे जावी, दायित्वाचा बोजा किती पडेल, हे तपासायची साधनं आहेत. करार झाल्यानंतरच्या देखरेखीसाठीही मार्गदर्शिका आहे. हे सगळं फुकट आहे आणि सल्लागार नेमायच्या आधी अभियंता आणि लेखाधिकारी दोघांनी बसून वाचावं असं आहे. सल्लागाराला कोणते प्रश्न विचारायचे, ते त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट आयआयपीडीएफ, म्हणजे प्रकल्प तयारीचा निधी. तो २००७ पासून आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची नव्याने रचना झाली आणि तीन वर्षांसाठी १५० कोटी रुपये ठेवले गेले. एका प्रस्तावाला जास्तीत जास्त ५ कोटी मिळू शकतात, तेही सल्लागार आणि ट्रान्झॅक्शन अॅडव्हायझरच्या, म्हणजे निविदा आणि करार जुळवून देणाऱ्या सल्लागाराच्या खर्चासाठी. बांधकामाला यातून काही मिळत नाही. डीईएने अशा अॅडव्हायझरांचं पॅनेलही केलेलं आहे. लहान परिषदेला माझ्या मते हाच निधी सगळ्यात मोलाचा. आपल्याकडे प्रकल्प फसतात ते बहुतेक वेळा बांधकामात नव्हे, तर कागद तयार करण्यात. डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, कंपनीने फुकट करून दिला की त्यातले आकडे कंपनीचेच असतात, आणि पुढची २० वर्षं परिषद त्याच आकड्यांना बांधली जाते.

तिसरी गोष्ट व्हीजीएफ, म्हणजे उत्पन्नातून न भरून निघणारी तूट भरायला प्रकल्पाला मिळणारं भांडवली अनुदान. सभेत ज्या ‘पैशांचा’ उल्लेख झाला ते हेच असावेत. मूळ योजनेत केंद्र प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत भार उचलायचं, आणि प्रकल्प मांडणारी संस्था आणखी २० टक्के देऊ शकायची. नोव्हेंबर २०२० मध्ये सामाजिक क्षेत्रासाठी वेगळे नियम आले. सांडपाणी, पाणीपुरवठा, घनकचरा, आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांत केंद्राचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत आणि राज्य किंवा स्थानिक संस्थेचा आणखी ३० टक्क्यांपर्यंत. अट एकच, पण कडक: चालवण्याचा आणि देखभालीचा १०० टक्के खर्च प्रकल्पाच्या उत्पन्नातून निघाला पाहिजे. ही मंजुरी आणि आयआयपीडीएफची नवी रचना, दोन्ही २०२४-२५ पर्यंतच्या होत्या. म्हणून अर्जाआधी चालू परिपत्रक काढून मुदत आणि टक्केवारी तपासा. जुन्या परिपत्रकावर ठराव करू नका.

व्हीजीएफबद्दल सभेला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. हा पैसा परिषदेच्या खात्यात येत नाही. खुल्या निविदेत जो बोलीदार सगळ्यात कमी व्हीजीएफ मागेल त्याची निवड होते. त्याने स्वतःचं भागभांडवल आधी पूर्ण खर्च करायचं, आणि त्यानंतर बँकेचं कर्ज जसजसं सुटेल त्या प्रमाणात अनुदान सुटतं. दुसरं, निविदेआधी तत्त्वतः मंजुरी लागते. निविदा उघडून झाल्यावर ‘आता व्हीजीएफ मागू’ म्हणून चालत नाही.

राज्यपातळीवर तुमची वाट नगर परिषद प्रशासन संचालनालय आणि नगरविकास विभागातून जाते. तांत्रिक मान्यतेसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. गुजरातमध्ये १९९९ च्या कायद्याने जीआयडीबी हे पायाभूत सुविधांचं मंडळ आहे, पंजाबातही २००२ च्या कायद्याने तसं मंडळ आहे. तिथल्या छोट्या संस्थांना एकच दार ठोठवावं लागतं. केंद्राने २०१४ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटींची ‘३पी इंडिया’ नावाची संस्था जाहीर केली होती, आणि पीपीपीचा आढावा घेणाऱ्या विजय केळकर समितीने २०१५ च्या अहवालात तिची गरज पुन्हा मांडली. असा आधार असता तर तुमच्यासारख्या परिषदेला खूप फरक पडला असता. प्रकल्पांना उत्तेजन देणारी आणि त्यांची परीक्षा घेणारी यंत्रणा एकच असली की परीक्षा ढिली पडते, हा धोका मात्र कुठेही राहतो. दक्षिण कोरियात पीआयएमएसी हे पीपीपी प्रकल्पांचं तपासणी केंद्र सरकारी संशोधन संस्थेत बसवलेलं आहे. ब्रिटनने १९९२ मध्ये सुरू केलेली पीएफआय, म्हणजे खासगी पैशातून सार्वजनिक प्रकल्प उभारायची पद्धत २०१८ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी बंद केली. म्हणून डीईए किंवा राज्याने ‘तत्त्वतः मान्य’ म्हटलं तरी तुमचं स्वतःचं गणित करणं सुटत नाही.

आता ते गणित. १२ एमएलडी हा आकडा आला कुठून, हे पहिल्यांदा विचारा. सीपीएचईईओ या केंद्राच्या पाणीपुरवठा-मलनिस्सारण तांत्रिक संस्थेच्या निकषाने गटार असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरतात. ६० हजार लोकसंख्येला ते ६.५ एमएलडीच्या आसपास होतं. पंधरा-वीस वर्षांनी लोकसंख्या ९० हजार झाली तरी ९.७ एमएलडी. आणि हेही १३५ लिटर खरोखर नळाला येत असेल तर. माणशी ९० लिटरच येत असेल तर आजचं सांडपाणी ४.३ एमएलडी. त्यातही निम्मीच घरं गटाराला जोडलेली असतील तर केंद्रापर्यंत दोन-सव्वादोन एमएलडीच पोहोचेल. बाकीचं शोषखड्ड्यात आणि नाल्यात जाईल.

केंद्र बांधून तयार पण पाणीच येत नाही, हा एसटीपीच्या पीपीपीतला सगळ्यात नेहमीचा आजार आहे. पंप आणि ब्लोअर भाराखाली चालत नाहीत, जिवाणूंना पुरेसं अन्न मिळत नाही, प्रक्रिया बिघडते, आणि तरीही ऑपरेटर किमान हमीचं बिल लावतो. नाला अडवून पाणी घेणार असाल तर मे महिन्यात प्रवाह आटतो आणि जुलैत पावसाच्या पाण्याने सांडपाणी इतकं पातळ होतं की येणाऱ्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) करारातल्या मर्यादेबाहेर जातो. म्हणून जिथून पाणी घेणार त्या ठिकाणी तिन्ही ऋतूंत प्रवाह मोजा; निदान उन्हाळा आणि पावसाळा तरी चुकवू नका. व्ही-नॉच (प्रवाह मोजायची व्ही आकाराच्या खाचेची पट्टी) बसवा, २४ तासांचे एकत्रित नमुने घ्या. खर्च फार नाही. बांधकाम ५ एमएलडीच्या दोन टप्प्यांत ठेवा आणि दुसरा टप्पा प्रत्यक्ष येणाऱ्या पाण्याशी जोडा, दिनदर्शिकेशी नको.

पैशांचं उदाहरण मांडतो. आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमचे वेगळे येतील. १० एमएलडीचं केंद्र, तृतीय स्तराच्या प्रक्रियेसह भांडवली खर्च ३० कोटी. रोजचं १०,००० किलोलिटर पाणी १२ रुपये दराने पूर्ण विकलं तर वर्षाला ४.३८ कोटी. चालवायचा खर्च किलोलिटरला ६ रुपये, म्हणजे वर्षाला २.१९ कोटी. व्हीजीएफचे दोन्ही वाटे पूर्ण मिळाले तर १८ कोटी सुटतात, खासगी भागीदाराचे १२ कोटी उरतात. कर्ज आणि भांडवल मिळून सरासरी १२ टक्के परतावा आणि १५ वर्षं मुदत धरली तर त्याला वर्षाला १.७६ कोटी लागतात. एकूण ३.९५ कोटी खर्च, ४.३८ कोटी जमा. जमतंय.

तेच केंद्र ४ एमएलडीवर चालवा. विक्री १.७५ कोटींवर येते. चालवायचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही, कारण पगार, विजेचा स्थिर आकार आणि देखभाल तशीच राहते, १.४० कोटी धरू. उरले ३५ लाख, लागतात १.७६ कोटी. वर्षाला १.४१ कोटींचा खड्डा. कंपनीच्या प्रस्तावात हा खड्डा कुठे लपला आहे ते शोधा. बहुतेक तो ‘किमान सांडपाणी पुरवठ्याची हमी’ या नावाच्या कलमात सापडेल आणि ती हमी परिषदेने द्यायची असेल. शिवाय स्थानिक वाट्याचे ९ कोटी कोण देणार, हा प्रश्न आहेच. ‘एक रुपयाही लागणार नाही’ या वाक्याची खरी किंमत इथे कळते.

पाणी घेणारा ग्राहक हा या प्रकल्पाचा कणा आहे, आणि नागपूर जिल्ह्याला इथे एक फायदा आहे. नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीला प्रक्रिया होऊन कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांना जातं. तिथे ग्राहक आधी नक्की होता. त्याला बाराही महिने पाणी हवं होतं आणि त्या पाण्याला पर्याय म्हणजे पेंचचं पिण्याचं पाणी. तुमच्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जानेवारी २०१६ चं केंद्राचं वीज दर धोरण. त्यानुसार नगरपालिकेच्या एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्राने प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणं बंधनकारक आहे, आणि त्याचा खर्च वीज दरात धरता येतो. कोराडी, खापरखेडा, मौदा यांच्यापासून तुमचं गाव किती अंतरावर आहे ते नकाशावर मोजा. आत असाल तर वीज केंद्राला परिषदेने स्वतः पत्र लिहा: किती एमएलडी, कोणत्या दर्जाचं, कोणत्या ठिकाणी घ्याल आणि जलवाहिनीचा खर्च कोण करेल. बाहेर असाल तर बुटीबोरी, हिंगणा किंवा कळमेश्वर एमआयडीसीतले उद्योग पाहा, पण तिथे एमआयडीसीचं पाणी किती रुपयांना मिळतं ते आधी विचारा. त्याहून महाग पाणी कुणी घेणार नाही. आणि ‘घ्यायची इच्छा आहे’ असं पत्र बँकेच्या उपयोगाचं नसतं. घेतलं नाही तरी पैसे देऊ, असा घे-किंवा-भर करार लागतो.

ग्राहक मिळालाच नाही, तर हा प्रकल्प विक्रीच्या भरवशावर करू नका. गंगेच्या काठी २०१७ पासून हरिद्वार आणि वाराणसीला हायब्रीड अॅन्युइटी पद्धतीने एसटीपीचे करार झाले. त्यात बांधकामाच्या काळात ४० टक्के आणि उरलेले ६० टक्के १५ वर्षांत हप्त्याने मिळतात. पाण्याच्या विक्रीची जोखीम ठेकेदारावर नसते, पण केंद्र नीट चाललं तरच हप्ता सुटतो. तिथे हप्त्यामागे राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियान उभं आहे. तुमच्यामागे कोण उभं राहील? राज्याची हमी, वित्त आयोगाच्या स्वच्छतेसाठी बांधलेल्या अनुदानातून थेट वळती, किंवा एस्क्रो खातं (फक्त या देयकांसाठी वेगळं राखलेलं बँक खातं) आणि त्यात निदान तीन महिन्यांच्या देयकाइतकी राखीव रक्कम, यांपैकी काहीतरी लागेल. बोलीदार निविदा हातात घेतल्यावर सगळ्यात आधी हेच पान उघडतो. ते कोरं असेल तर एक तर कुणी येत नाही, किंवा जो येतो तो वसुलीची भीती दरात चढवून येतो.

आणखी एक पर्याय टेबलावर ठेवा: पीपीपी न करण्याचा. एक लाखाच्या आतल्या शहरांच्या सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये तरतूद आहे. त्यातून बांधकाम करून दहा वर्षांचा चालवा-देखभाल करार त्याच निविदेत जोडला, तर तुमच्या आकाराच्या गावाला ते जास्त झेपण्यासारखं आहे. फार लहान प्रकल्प पीपीपीने करू नयेत, कारण गुंतागुंतीचा खर्च फायद्यापेक्षा मोठा होतो, असं केळकर समितीनेही म्हटलं आहे. दोन-तीन शेजारच्या परिषदा मिळून एक निविदा काढता आली तर मात्र चित्र बदलतं. एकाच कामासाठी दोन केंद्रीय योजनांचा पैसा घेता येईल, हे गृहीत धरू नका.

आता कंपनीच्या प्रस्तावाबद्दल. असा न मागता आलेला प्रस्ताव घेऊन इतरांना त्यावर स्पर्धा करायला लावण्याला स्विस चॅलेंज म्हणतात. मूळ कंपनीला शेवटी समोरच्याचा दर जुळवायची संधी असते, त्यामुळे इतर कंपन्या बोलीवर खर्च करायला कचरतात. केळकर समितीने या पद्धतीला परावृत्त करावं असं सांगितलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हाडाच्या एका प्रकरणात ही पद्धत वैध ठरवली, पण कोणत्या प्रकारच्या प्रकल्पांना ती लागू, प्रस्ताव कुणाकडे द्यायचा, मुदती काय, हे शासनाने आधीच जाहीर केलेलं असावं, अशी अपेक्षाही नोंदवली. तुमच्या परिषदेने असं काही जाहीर केलेलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. व्हीजीएफसाठी तर खुली स्पर्धाच लागते.

निविदा प्रक्रियेतली ढिलाई किती महाग पडते, ते नागपूरने विमानतळाच्या प्रकरणात पाहिलं आहे. निवड झालेल्या कंपनीचा महसुलातला वाटा ५.७६ टक्क्यांवरून वाटाघाटीत १४.४९ टक्के झाला, २०१९ मध्ये निवडीचं पत्र दिलं गेलं, मार्च २०२० मध्ये प्रक्रिया रद्द झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०२१ मध्ये ते रद्द करणं फेटाळलं, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला, आणि शेवटची याचिका निकाली निघायला सप्टेंबर २०२४ उजाडला. एवढ्या काळात विमानतळाचा विस्तार अडून राहिला. राखीव किंमत, किमान स्वीकारार्ह बोली आणि एलओए (निवडीचं पत्र) देण्याचे अधिकार कुणाचे, हे आरएफपी (निविदा दस्तऐवज) काढण्याआधी ठरावात लिहा. बोली उघडल्यावर वाटाघाटी करायच्या की नाहीत, तेही आधीच.

कामाचा क्रम असा ठेवा. प्रवाह मोजणी आणि गटार जोडण्यांची यादी पहिल्यांदा. जागेचा सातबारा परिषदेच्या नावावर आहे का, आणि दीर्घ मुदतीने ती देण्यासाठी १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाच्या कलम ९२ खाली कोणती मंजुरी लागते, हे विधी सल्लागाराकडून लेखी घ्या. ‘जागा देऊ’ म्हणून करार करून पुढे मंजुरी अडली तर नुकसानभरपाई परिषदेवर येते. एमपीसीबीकडून सोडायच्या पाण्याची मर्यादा लेखी घ्या. बीओडी ३० चालतो की १० लागतो, यावर तंत्रज्ञान आणि खर्च दोन्ही बदलतात. मग ग्राहकाचं पत्र. इतकं हातात आल्यावर तयारीच्या निधीसाठी नगरविकास विभागामार्फत प्रस्ताव पाठवा. सल्लागार आल्यावर पीपीपी, हायब्रीड अॅन्युइटी आणि साधं अनुदानित काम, या तिन्ही पर्यायांची तुलना त्याच्याकडून मागा. एकाच पर्यायाचा अहवाल स्वीकारू नका. करारात येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही पाण्यांवर मीटर, येणाऱ्या पाण्याच्या दर्जाची खालची आणि वरची मर्यादा, एमईआरसीने (राज्य वीज नियामक आयोगाने) वीज दर बदलल्यास देयक कसं बदलेल त्याचं सूत्र, आणि स्वतंत्र अभियंत्याचं शुल्क कोण देणार, या गोष्टी असल्याच पाहिजेत. वीज हा एसटीपीच्या खर्चातला सगळ्यात मोठ्या बाबींपैकी एक आहे. ते सूत्र नसेल तर वाद दर बदलण्याच्या पहिल्याच वर्षी सुरू होतो.

कंपनीला मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने छोटं पत्र द्या. प्रस्ताव मिळाला; परिषद स्वतंत्रपणे व्यवहार्यता तपासत आहे; या पत्रामुळे कोणताही हक्क किंवा प्राधान्य निर्माण होत नाही; खुली निविदा निघाल्यास सहभागी होता येईल. त्यांच्या डीपीआरमधला कोणताही भाग परिषदेच्या दस्तऐवजात जसाच्या तसा घेऊ नका, आणि पत्राची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेला पाठवा.